घासकामाची धूळ: लाटांवरच्या फळीपासून घरच्या ओट्यापर्यंत

नवीन घर बांधले की पाहुणे आधी भिंतीवरून हात फिरवतात. भिंत गुळगुळीत लागली, दार चमकले, स्वयंपाकाच्या ओट्यावर बोट अलगद सरकले की आपण म्हणतो, "फिनिशिंग छान झाली." हे फिनिशिंग म्हणजे दुसरे काही नसून घासकाम असते. आधी जाड कागदाने घासायचे, मग बारीक कागदाने, शेवटी पॉलिश. घासून जेवढे निघाले तेवढे कुठेतरी गेलेच. त्यातले जाड कण जमिनीवर पडतात आणि झाडून टाकता येतात. बारीक कण हवेत तरंगत राहतात. सगळ्यात बारीक कण घासणाऱ्याच्या छातीत जातात आणि तिथून बाहेर येत नाहीत.

शिरड शहापूर आणि आसपासच्या गावांतली बरीच तरुण मुले पुणे, मुंबई, हैदराबादकडे फरशी, फर्निचर, पुट्टी आणि रंगाच्या कामाला जातात. सणाला गावी आली की दवाखान्यात येतात. खोकला सांगतात, दम लागतो म्हणतात, भूक नाही म्हणतात. काय काम करता हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत, कारण खोकल्याचा आणि कामाचा संबंध आहे असे त्यांना वाटत नाही. म्हणून आज औषधांऐवजी थोडा इतिहास सांगणार आहे. हा संबंध माणसाला किती जुन्या काळापासून माहीत आहे आणि तो पुन्हा पुन्हा कसा विसरला गेला, हे कळले की पुढच्या सूचना आपोआप पटतील.

धूळ किती बारीक असते?

आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मोठे कण नाकातल्या केसांत आणि शेंबडात अडकतात. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासनळीत उतरतात. पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत पोहोचतात. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे कपड्यावर बसलेली पांढरी धूळ ही धुळीची फक्त दिसणारी बाजू आहे. खरा त्रास न दिसणाऱ्या धुळीचा असतो.

वायुकोशात राखणदार पेशी असतात. बाहेरून आलेला कण गिळून तो नष्ट करणे हे त्यांचे काम. सिलिका, म्हणजे गारगोटीचा अंश असलेला कण गिळला की ती पेशी स्वतःच मरते. कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. या झटापटीत आजूबाजूला जखम होते आणि जखमेच्या जागी वण तयार होतो. वणाची जागा फुगत नाही. असे हजारो छोटे वण झाले की फुप्फुस कडक होते. यालाच सिलिकोसिस म्हणतात. काम सोडल्यानंतरही हा आजार पुढे सरकू शकतो, कारण आत अडकलेला कण आतच असतो.

एका फळीची गोष्ट

घासकामाचा इतिहास समजायला एक सोपे उदाहरण घेऊ. समुद्राच्या लाटेवर उभे राहून तरंगण्याचा सर्फिंग हा खेळ आपण टीव्हीवर पाहिला असेल. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली तो पहिल्यांदा खेळला गेला. या खेळाची फळी गुळगुळीत नसेल तर चालत नाही, म्हणून ती बनवताना घासकामाला फार महत्त्व असते.

मूळ फळी हवाई बेटांवरची. कॅप्टन कुकच्या जहाजावरील लोकांनी १७७८-७९ च्या सुमारास हा खेळ पाहून लिहून ठेवला. तिथले कारागीर कोआसारख्या झाडाचे खोड दगडी कुऱ्हाडीने तासत. मग प्रवाळाच्या खडबडीत तुकड्याने आणि खरखरीत दगडाने फळी घासत. शेवटी काळा रंग देऊन जंगली अक्रोडाचे तेल चोळत. उघड्या समुद्रकाठी, हाताने, सावकाश चाललेले काम. धूळ निघाली तरी थोडी आणि तीही वाऱ्यावर जाणारी.

दुसऱ्या महायुद्धानंतर फळी बदलली. हलक्या लाकडावर काचेच्या धाग्यांचे कापड आणि रेझिन, म्हणजे आपण ज्याला फायबर म्हणतो ते चढू लागले. १९५० च्या दशकाच्या शेवटी लाकूडही गेले आणि आत फोम आला. कॅलिफोर्नियातील होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी हा बदल रुजवला. फळी हलकी झाली, स्वस्त झाली, लाखो लोकांच्या हातात गेली. पण आता ती बंद शेडमध्ये विजेच्या यंत्राने घासली जाऊ लागली. आधी जाड कागद, मग मध्यम, शेवटी पाणी लावून अगदी बारीक कागद. हवेत काचेच्या धाग्यांचे तुकडे, वाळलेल्या रेझिनची भुकटी आणि फोमची पूड. अंगाला खाज, डोळ्यांची आग, घशात खवखव.

फोम तयार करायला टोल्युइन डायआयसोसायनेट नावाचे रसायन लागते. याची वाफ छातीत गेली तर काही जणांना कायमचा दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोडी वाफही पुरते. क्लार्क यांचा कारखाना अमेरिकेत लागणाऱ्या फळ्यांच्या फोमचा सगळ्यात मोठा पुरवठादार होता. डिसेंबर २००५ मध्ये त्यांनी तो अचानक बंद केला. या रसायनाबाबतचे सरकारी नियम आणि त्यातून येणारी जबाबदारी हे एक कारण त्यांनी पत्रात दिले होते.

तुम्ही म्हणाल, हिंगोली जिल्ह्यात समुद्रही नाही आणि ही फळीही नाही. खरे आहे. पण फायबरचे दरवाजे, कूलर, टाक्या आपल्याकडे आहेत. कोकणात लाकडी होड्यांबरोबर फायबरच्या होड्या आल्या आहेत. फर्निचरवर फवारतात त्या पीयू पॉलिशच्या हार्डनरमध्ये आणि गाडीच्या दोन भागांच्या रंगात याच आयसोसायनेट कुळातली रसायने असतात. फळीच्या गोष्टीतून लक्षात घ्यायचे ते एवढेच, की वस्तू तीच राहिली पण माल बदलला आणि हाताऐवजी यंत्र आले, तेव्हा धूळही बदलली. नव्या मालाचा फायदा लगेच दिसतो. त्याच्या आजाराला नाव मिळायला मात्र वर्षे जातात.

"तुमचा धंदा कोणता?"

धुळीने छाती खराब होते हे माणसाला फार आधी कळले होते. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे, की शेंदरी रंगाची भुकटी करणारे कामगार तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची पातळ कातडी बांधत. म्हणजे मास्क हा काही कोरोनाच्या काळात निघालेला प्रकार नाही.

१५५६ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात जर्मन वैद्य अॅग्रिकोला याने खाणकामगारांविषयी लिहिले. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींच्या गावांत एकेका बाईला सात-सात नवरे करावे लागले, कारण आधीचे सगळे धुळीने मेले, असे त्यात आहे. दुखणे पुरुषाच्या छातीत होते, पण त्याची मोजदाद बायकांच्या वैधव्यात झाली. आजही सिलिकोसिसच्या वस्त्यांत गेले तर हेच दिसते.

मग आले इटलीचे डॉक्टर बर्नार्दिनो रामाझिनी. १७०० साली त्यांनी कामगारांच्या आजारांवर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. त्यात पाथरवट आहेत, कुंभार आहेत, रंगारी आहेत. दगड फोडणाऱ्यांची फुप्फुसे मेल्यावर कापली तेव्हा वाळूचा ढीग कापल्यासारखे वाटले, हे एका डच वैद्याचे निरीक्षण त्यांनी नोंदवले. हिप्पोक्रेटिसच्या काळापासून रुग्णाला विचारायचे प्रश्न ठरलेले होते. त्यात रामाझिनींनी एका प्रश्नाची भर घातली: "तुमचा धंदा कोणता?" आज त्यांना व्यवसायजन्य आजारांच्या शास्त्राचे जनक मानतात. तीनशे वर्षे झाली तरी हा प्रश्न गर्दीच्या ओपीडीत अनेकदा विचारायचा राहून जातो.

सिलिकोसिस हे नाव मात्र बरेच नंतरचे. ते १८७० साली इटलीतच व्हिस्कोंती यांनी दिले.

कोरडे घासणारे आणि ओले घासणारे

इंग्लंडमधील शेफिल्ड शहर चाकू, सुऱ्या आणि काटे-चमच्यांसाठी प्रसिद्ध. तिथले कामगार फिरत्या वाळूच्या दगडावर लोखंड घासून धार आणि चकाकी आणत. काही वस्तू दगडावर पाणी सोडून घासत, तर जेवणाचे काटे, सुया अशा वस्तू कोरड्या. शेफिल्डचे डॉक्टर अर्नोल्ड नाइट यांनी १८३० च्या सुमारास हा फरक मांडला. कोरडे घासणारे सरासरी जेमतेम पस्तिशीपर्यंत जगत. ओले घासणारेही फार जगत नसत, पण पंचेचाळीसच्या आसपास पोहोचत. माणूस तोच, शहर तेच, दगड तोच. फरक फक्त पाण्याचा, आणि पाण्याने आयुष्यात दहा वर्षांची भर घातली.

धूळ अडवायला चुंबकाचा मास्कही त्याच शहरात १८२० च्या दशकात निघाला होता. पण कामगारांनी तो फारसा स्वीकारला नाही. धोका जास्त म्हणून या कामाला मजुरी जास्त होती. काम सुरक्षित झाले तर माणसे वाढतील आणि मजुरी पडेल ही भीती होती. हा वेडेपणा नव्हता. पोटाचा हिशेब होता. आज एखादा मुलगा "मास्क लावला तर काम हळू होते, ठेकेदार चौरस फुटावर पैसे देतो" असे म्हणतो तेव्हा तोही तोच हिशेब सांगत असतो. म्हणून नुसता उपदेश करून भागत नाही. काम देणाऱ्याने व्यवस्था बदलावी लागते.

वॉटर पेपर कशासाठी निघाला?

चीनमध्ये तेराव्या शतकात शिंपल्यांचा चुरा, बिया आणि वाळू डिंकाने कातडी कागदावर चिकटवून घासायचा कागद करत. युरोपात १८३३ साली लंडनच्या जॉन ओकी यांनी काचेची पूड लावलेला कागद मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. त्यांच्या नावाचा पॉलिश पेपर आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात अनेकांनी पाहिला असेल. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अॅचिसन यांना प्रयोग करताना कार्बोरंडम सापडले आणि घासकाम आणखी वेगवान झाले.

पण आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९२१. त्या वर्षी अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने पाण्यात न विरघळणारा कागद बाजारात आणला. कल्पना फ्रान्सिस ओकी नावाच्या शाईवाल्याची. त्या काळी मोटारीच्या रंगात शिसे असायचे आणि कोरडे घासताना ती विषारी धूळ कामगारांच्या अंगात जायची. पाणी लावून घासले की धूळ उडेनाशी झाली आणि रंगाचा पोतही अधिक सुबक आला. आपले गॅरेजवाले आज जो वॉटर पेपर वापरतात तो हाच. बहुतेकांना वाटते की पाणी फक्त फिनिशिंगसाठी लावतात. खरे तर ते छातीसाठीही आहे.

पाटीवरची पेन्सिल आणि अकीकाचे मणी

आता आपल्या देशात येऊ. आपण सगळे ज्या पाटीवर अ-आ-इ शिकलो, तिची पेन्सिल बहुधा मध्य प्रदेशातील मंदसौरची असे. तिथे दगडाच्या पाट्या करवतीने कोरड्या कापून पेन्सिली निघत. करवतीजवळ बसलेले कामगार तरुण असत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना सिलिकोसिस आढळला. मध्य प्रदेश सरकारने १९८२ साली या कामगारांसाठी कल्याण निधीचा वेगळा कायदाच केला. आमच्या पिढीच्या हातातली ती करडी पेन्सिल कुणाच्या तरी फुप्फुसातून आली होती, हे शाळेत कुणी सांगितले नाही.

दुसरे गाव गुजरातेतील खंभात. तिथे अकीक दगड घासून मणी आणि अंगठीचे खडे करतात. हा धंदा फार प्राचीन आहे. पूर्वी तो हळू चालणारा होता. विजेवर फिरणारा खरखरीत दगड घराघरात आला तशी धूळ घरातच साठू लागली. अकीक म्हणजे जवळपास शुद्ध सिलिका. यंत्रावर बसतो पुरुष, पण त्याच खोलीत बायको स्वयंपाक करते आणि मूल खेळते. कारखाना आणि घर एकच असले की आजारही सगळ्या घराचा होतो.

त्याही आधी, १९४० च्या दशकात कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत सात हजारांहून अधिक कामगार तपासले होते आणि त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना सिलिकोसिस निघाला होता. म्हणजे स्वातंत्र्य मिळाले तेव्हाही या देशाला हा आजार नीट माहीत होता.

आपला काळा दगड आणि बाहेरून आलेला दगड

औंढा नागनाथाचे मंदिर पाहिले की दगडावर किती बारीक काम झाले आहे ते कळते. आपल्याकडे वडार आणि पाथरवट पिढ्यान् पिढ्या जाती, पाटे-वरवंटे घडवत आणि टाकी लावत आले. हा सगळा दगड म्हणजे आपला काळा पाषाण, ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेला. त्यात सिलिका असते, पण बहुतेक दुसऱ्या खनिजांत बांधलेली. मोकळी स्फटिक सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, त्यात फारच कमी. सिलिकोसिस करते ती ही मोकळी सिलिका. म्हणून काळ्या दगडाची धूळ निरुपद्रवी नसली, तिने खोकला आणि दमा होत असला, तरी सिलिकोसिसच्या बाबतीत हा दगड तुलनेने कमी धोक्याचा.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत दगडी ओटा आणि शहाबादी फरशी असे. आता ग्रॅनाइट आले. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव ते एक तृतीयांश भाग क्वार्ट्झ असतो. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर, मुखेडच्या बाजूला तर जमिनीतच ग्रॅनाइट आहे. वालुकाश्म, म्हणजे राजस्थानी लाल-पिवळा दगड, त्यात क्वार्ट्झ याहूनही जास्त. शहरांत आता कृत्रिम क्वार्ट्झचे ओटे बसतात आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक सिलिका असू शकते. आजोबांनी आयुष्यभर दगड फोडला आणि त्यांना काही झाले नाही, म्हणून नातवालाही काही होणार नाही, हा हिशेब इथे चुकतो. आजोबांचा दगड वेगळा होता, छिन्नी हाताची होती आणि काम उघड्यावर होते. नातवाच्या हातात ग्राइंडर आहे आणि तो बंद स्वयंपाकघरात बसलेला आहे.

लाकूड आणि जुना रंग

सुतारांनाही दोन गोष्टी सांगायला हव्यात. इंग्लंडमध्ये हाय विकम हे फर्निचरचे गाव आहे. १९६० च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की नाकाच्या आतला एक दुर्मिळ कॅन्सर फर्निचर कामगारांतच पुन्हा पुन्हा दिसतो आहे. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने लाकडाच्या धुळीला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आणि १९९७ साली श्वासातून जाणाऱ्या स्फटिक सिलिकेला. हा कॅन्सर फार कमी जणांना होतो, घाबरून जाऊ नका. पण वर्षानुवर्षे एकाच नाकपुडीतून रक्त येणे किंवा ती बंद राहणे, हे सुतारकाम करणाऱ्याने अंगावर काढू नये. एमडीएफ घासताना तर धूळ आणखी बारीक निघते.

दुसरी गोष्ट जुन्या रंगाची. भारतात घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेले दार, खिडकी, पाळणा कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर बसते. लहान मुले जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात. शिशाने त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. जुने दार घरात घासू नका. बाहेर, ओले करून घासा आणि त्या दिवशी मुलांना दूर ठेवा.

फॅशन नवी, आजार जुना

२००० नंतर विटलेल्या जीन्सची फॅशन आली. नवी पँट जुनी दिसावी म्हणून तिच्यावर दाबाने वाळू मारत. तुर्कस्तानात हे काम बंद खोल्यांत खेड्यांतून आलेली अगदी तरुण मुले करत. काही वर्षांतच ती सिलिकोसिसने दगावू लागली. २००९ साली तुर्कस्तानने या कामावर बंदी घातली. गंमत अशी, की वाळू मारून ओतीव लोखंड साफ करायला ब्रिटनने १९४९ च्या नियमांनीच मनाई केली होती. साठ वर्षांपूर्वीचा धडा कपड्यांच्या धंद्याला माहीतच नव्हता.

कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांचेही तेच. २०१२ साली इस्रायलच्या डॉक्टरांनी या कामातल्या रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. मग स्पेन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथूनही तिशी-चाळिशीतले रुग्ण पुढे आले. काहींना फुप्फुस बदलावे लागले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली.

टीबी की सिलिकोसिस?

हा प्रश्न आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचा. दोन्ही आजारांत खोकला, दम आणि वजन घटणे असते. दोन्ही आजारांचे डाग एक्स-रेमध्ये बहुधा छातीच्या वरच्या भागात दिसतात. थुंकीत जंतू न सापडताही टीबीची औषधे सुरू होतात, सहा महिने जातात, फरक पडत नाही, पुन्हा औषधे. कागदावर "टीबी" राहते आणि धुळीचे नाव कुठेच येत नाही.

याच्या उलटही होते. सिलिका राखणदार पेशी मारते, म्हणून अशा माणसाला टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणजे सिलिकोसिस आहे म्हणून टीबी नाही असे म्हणता येत नाही. दोन्ही तपासावे लागतात. सरकारी दवाखान्यात थुंकीची जनुकीय तपासणी मोफत होते. ती करून घ्या. टीबीची औषधे सुरू असतील तर हा लेख वाचून ती मनाने बंद करू नका.

सिलिकोसिस बरा करणारे औषध आज नाही. दमाची औषधे त्रास कमी करतात, टीबीवर उपचार होतात, ऑक्सिजन लागला तर देता येतो. पण झालेला वण जात नाही. म्हणून लवकर ओळखणे आणि धुळीतून लवकर बाहेर पडणे, एवढेच आपल्या हातात आहे.

काय करावे?

१. आधी पाणी, मग मास्क. शक्य ते सगळे काम ओले करून करा. फरशी आणि ग्रॅनाइट कापताना पाणी सोडणारे कटर वापरा. विजेच्या यंत्राबरोबर पाणी वापरताना यंत्र त्यासाठी बनवलेलेच हवे, अर्थिंग आणि गळती रोखणारा स्विच हवा. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतू नका, शॉक बसेल.

२. पाणी चालत नसेल, उदाहरणार्थ पुट्टी आणि लाकूड, तर धूळ ओढणारी व्हॅक्यूमची पिशवी जोडलेले यंत्र वापरा आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवा.

३. तोंडाला बांधलेली दस्ती किंवा गमछा बारीक धूळ अडवत नाही. कमीत कमी एन-९५ मास्क हवा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाट दाढीवर तो नीट बसत नाही. पीयू पॉलिश किंवा रंगाच्या वाफेला एन-९५ पुरत नाही, त्यासाठी बदलता येणारा केमिकल फिल्टर असलेला मास्क लागतो.

४. कोरडे झाडू नका, आधी पाणी शिंपडा. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरची धूळ उडवू नका.

५. कामाचे कपडे घरात झटकू नका. ते वेगळे धुवा. घरी मूल अंगाला बिलगण्याआधी हात-पाय-तोंड धुवा.

६. बिडी-सिगारेट आणि तंबाखू सोडा. धूळ आणि धूर एकत्र आले की फुप्फुस अधिक वेगाने थकते.

७. काही वर्षे या कामात असाल तर त्रास नसला तरी छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री तपासणी करून घ्या. जुने एक्स-रे फेकू नका. आजचा डाग नवा की जुना हे त्यांच्याशी तुलना केल्यावरच कळते.

हक्काचे काय?

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत पुढे व्यवसायजन्य आजार म्हणून सिलिकोसिस आला. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसचा रुग्ण आढळल्यास कळवण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले आणि २०२० च्या नव्या कामगार संहितेतही या आजाराची नोंद आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत काम करून मेलेल्या २३८ कामगारांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ते मजूर बहुतेक मध्य प्रदेशातून स्थलांतर करून आलेले आदिवासी होते. कारखाना एका राज्यात, रुग्ण दुसऱ्या राज्यात, म्हणून वर्षानुवर्षे कुणीच जबाबदारी घेत नव्हते. गावोगाव फिरून कोण कुठे कामाला होता याच्या याद्या केल्या, तेव्हा हे शक्य झाले.

आपली मुलेही परजिल्ह्यात आणि परराज्यात कामाला जातात. म्हणून कामाचा पुरावा जपून ठेवा. ठेकेदाराचे नाव, साइटचे ठिकाण, किती महिने काम केले हे एका वहीत लिहा. मजुरी बँकेतून आली असेल तर नोंद ठेवा. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केले असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. गवंडी, फरशीवाले, रंगारी, सुतार हे सगळे त्यात येतात.

आणि डॉक्टरांकडे गेलात की त्यांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा: "मी इतकी वर्षे ग्रॅनाइट कापतो," "मी पुट्टी घासतो," "मी पॉलिश मारतो." रामाझिनींचा प्रश्न विचारायचा राहिला तरी त्याचे उत्तर तुमच्याजवळ आहे. घरात काम काढले असेल तर मालक म्हणून तुम्हीही एक करू शकता. ठेका ठरवतानाच पाण्याचे कटर आणि मास्क यांचा खर्च धरा, आणि ओल्या कामाला एक दिवस जास्त लागला तर घाई करू नका.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. खोकला, दम किंवा वजन घटणे असा त्रास दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर जवळच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा.)